दोघींना उचलता येईल अशी भिंत

५ मार्च, बुधवार

निवडीची मेल आज सकाळी आली. आधी उभ्याउभ्या वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली.

युद्धात पडलेलं एक गाव पुन्हा वसवायचं आहे. त्यासाठी सुट्या भागांची घरं हवी आहेत. भाग गाडीतून न्यायचे आणि तिथं जोडायचे. देशाचं नाव कुठंही लिहायचं नाही असं त्या संस्थेच्या करारात आहे. डायरी ‘कुठंही’मध्ये येते असं मी धरते. एवढ्या लांबच्या कामात हिंगोली-सेनगाव रस्त्यावरचं आमचं वर्कशॉप निवडलं गेलं. कोंबड्यांची शेडं आणि सोयाबीनची गोदामं उभी करणारं वर्कशॉप.

मेलमध्ये शेवटी होतं : आपल्याकडून आलेले दोन्ही नमुने पुढच्या फेरीसाठी घेत आहोत.

दोन्ही. दुसरा ऐश्वर्याचा. ती माझी धाकटी जाऊ. वास्तुरचनेची पदवी घेऊन तीन वर्षांपूर्वी या घरात आली. तिनं मला विचारलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. जानेवारीत मेथी निवडताना म्हणाली होती, “ताई, मीपण एक नमुना टाकू का?” मी म्हणाले होते, “टाक की.” गाडी निघताना लहान लेकरानं ‘मी येऊ?’ विचारावं आणि आपण दार उघडावं, तितक्या सहज.

आता अटी अशा. दोन्ही घरं इथं उभारायची. त्यांत कुटुंबांना उन्हाळ्यापासून पावसाळा संपत येईपर्यंत राहू द्यायचं. मी तिच्या घराचं निरीक्षण लिहायचं, तिनं माझ्या. स्वतःच्या घराबद्दल कुणीही एक शब्द लिहायचा नाही. शेवटी दोनांतला एकच नमुना तिकडे जाईल.

सासूबाईंनी पेढे वाटले. “माझ्या दोघी सुना पास झाल्या,” असं गल्लीभर सांगितलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पास झाल्याचे पेढे. एकटीच्या नावानं वाटले असते तर मला चालले असते, हेही लिहून ठेवते.

१७ मार्च, सोमवार

त्या गावातल्या बाईंशी आज स्क्रीनवर बोलणं झालं. त्या तिथलं बांधकाम बघणार आहेत. त्यांच्या मागं भिंतीऐवजी निळी ताडपत्री होती आणि ती सारखी हलत होती. दुभाषा मध्ये बसून हिंदीत सांगत होता.

पहिला प्रश्न : बाहेरचं माणूस न बोलावता दोन बायका घर उभं करू शकतील का? पुरुष फार राहिलेले नाहीत.

हा प्रश्न माझाच होता. माझ्या घराची भिंत तुकड्यांची आहे आणि प्रत्येक तुकडा दोन बायांना उचलता येतो. खिळा नाही, बोल्ट नाही. खाचेत बसवायचा आणि लाकडी पाचर ठोकायची. काढताना पाचर उलटी ठोकायची. दार उघडल्यावर लगेच आडभिंत आहे, तिच्यामुळं धूळ आणि नजर दोन्ही आत जात नाहीत. मी सगळं सांगितलं. बाई पुढं सरकून ऐकत होत्या.

मग त्या म्हणाल्या, आमच्याकडे अजून कुणी कुणासाठी बसलेलं नाही. दुभाष्यानं वाक्य दोनदा सांगितलं. मी म्हणाले, बसायची सोय आहे; भिंतीतून उघडणारा बाक दिलाय, दोन माणसं आरामात बसतील. बाईंनी मान हलवली. माझ्या शेजारी ऐश्वर्या वहीत काहीतरी काढत होती. तिच्याकडे उत्तर नसावं.

संध्याकाळी पाहिलं तर तिनं नकाशातली ओसरी दुप्पट केली होती. आतल्या खोल्या तेवढ्या लहान झाल्या. एवढ्या जागेत एक खोली निघाली असती, असं मी तिला मोकळेपणानं सांगितलं. “व्हय ताई,” म्हणाली आणि ओसरी तशीच ठेवली.

३ एप्रिल, गुरुवार

ऐश्वर्यानं तिची आकडेमोड तपासायला दिली. ओसरीच्या छपरावर वाऱ्याचा जोर तिनं कमी धरला होता. वावटळीत छप्पर उचललं गेलं असतं.

कागद माझ्या टेबलावर दुपारभर पडला होता. मला चूक पहिल्याच वाचनात दिसली होती, तरी मी तो दुपारभर पडू दिला. का, ते मला नीट माहीत आहे. चहाच्या वेळी तिला बोलावून दाखवलं.

“बाप्पा! ताई, तुमी नसत्या तर माझं छप्पर थेट नांदेडला गेलं असतं,” म्हणाली आणि हसत सुटली. चूक सापडल्यावर हसणाऱ्या माणसांचं मला कळत नाही. मी त्या जागी असते तर दोन दिवस जेवले नसते.

२६ एप्रिल, शनिवार

सेनगावापुढच्या साखरा गावात दोन्ही घरं उभी राहिली.

माझं घर संतराम आबा आणि नर्मदाबाईंना मिळालं. म्हातारं जोडपं, जुन्या घराची भिंत खचल्यापासून पत्र्याखाली राहत होतं. सोबत सून कोमल. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. ऐश्वर्याचं घर शेजारीच, आबांचा पुतण्या वैजनाथ आणि त्याच्या बायको-लेकरांना. चिठ्ठ्या टाकूनच ठरलं.

माझ्या भिंती नर्मदाबाई आणि कोमलनं उचलल्या. मी मोजत होते : एक, दोन, हां. ‘हां’ला दोघींनी एकदम उचलायचं.

“ही भिंत हाय का परात?” नर्मदाबाई म्हणाल्या.

“काकू, वारं सुटलं तं उडून जाईन बरं, तुमी आत असतानी,” वैजनाथ पलीकडून ओरडला.

“मी आत असल्यावर काय उडतं रे? तुझ्या काकाला इचार. चाळीस वर्सं झाली, जाग्यावरून हालला न्हाई.”

आबा बाजेवर बसून मान डोलवत होते, जणू त्यांचं कौतुकच चाललंय. मला फार बरं वाटलं. शेवटची पाचर कोमलनं ठोकली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

बाकीचे सगळे ऐश्वर्याची ओसरी बघायला गेले होते.

तिच्या ओसरीला पायरी नाही. अंगण आणि ओसरी एका पातळीत. मी विचारलं, “पायरी काहून नाही ठेवली?”

“पायरी ठेवली की कोण वर बसणार आणि कोण खाली, हे ठरून जातं, ताई.”

“पाणी आत येईल.”

“येईल. पाणी पुसता येतं.”

परत येताना गाडीत माझे यजमान रविंद्र म्हणाले, “ओसरी झकास झालीय.” माझ्या घराबद्दल त्यांनी काही म्हणायची मी सेनगावापर्यंत वाट पाहिली. मग स्वतःच विचारलं. म्हणाले, “तुझं काय, तुझं पक्कंच असतं.”

१९ मे, सोमवार

जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली. फोटोत ऐश्वर्या ओसरीत उभी आहे आणि मागं माझ्या घराचा कोपरा दिसतो. मथळा : ‘हिंगोलीच्या सुनेचं घर निघालं परदेशी’. सून एकवचनी.

ऐश्वर्यानं पेपरवाल्याला फोन करून दुसरं नाव घालायला सांगितलं. मी ऐकलं, ती माझ्यासमोरच बोलली. समोर बोलायची गरज होती का, हा विचार माझ्या मनात आला. हाही किती क्षुद्र विचार! पण आला तो आला.

२२ जून, रविवार

तिच्या घराच्या निरीक्षणाचा दिवस. रात्री जोराचा पाऊस झाला होता. ओसरीत पाणी शिरलं होतं, वैजनाथची बायको फडक्यानं निपटून काढत होती. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. मी टेप लावून उंची घेतली, फोटो काढले, वेळ लिहिली.

हे सगळं नियमाप्रमाणंच. पण टेप लावताना मी गुणगुणत होते. वैजनाथची बायको म्हणाली, “म्याडम आज खुशीत दिसून राहिल्या.” तेव्हा ते लक्षात आलं.

१३ जुलै, रविवार

नर्मदाबाई माझ्या घरात बसत नाहीत. मी दुपारी गेले की त्या वैजनाथच्या ओसरीत शेंगा फोडत असतात, आबा तिथंच खांबाला टेकून. आज मी विचारलंच, “आजी, घरात काही अडचण आहे का? उकडतं?”

“न्हाई वं माय. घर तुमचंच चांगलं हाय.”

“मग?”

“निजायला चांगलं हाय. बसायला हे बरं.” मग माझं तोंड बघून म्हणाल्या, “आमची जिंदगी निजन्यातच जाती आता, तवा तुमचंच लई कामाचं.”

भिंतीतल्या बाकावर आबांनी देशी औषधाच्या बाटल्या मांडल्या आहेत. बाटल्या आरामात बसल्या आहेत.

७ ऑगस्ट, गुरुवार

संतराम आबा पहाटे गेले. झोपेतच.

आज ऐश्वर्याचा निरीक्षणाचा दिवस होता, ती पहिल्या एसटीनं गेलेली होती. तिचाच फोन आला. मी आणि रविंद्र लगेच निघालो.

वळणावरूनच दिसलं की माझ्या घराला भगदाड पडलंय. पूर्वेच्या भिंतीचा तुकडा जागेवर नव्हता, लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवलेला होता. खरं लिहायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आबा नव्हते, भिंत होती. भिंत पडली कशी? आणि पुढचा विचार, ऐश्वर्यानं हे पाहिलं.

पुण्याच्या मुलाला यायला रात्र होणार म्हणून न थांबता आबांना नेऊन झालं होतं. बायका नर्मदाबाईंना धरून बसल्या होत्या. ऐश्वर्याच्या पदराला लाकडाचा भुसा लागला होता. ती पुढं आली, “ताई, भिंत–”

“नंतर,” मी म्हणाले.

कोमलला जवळ घेतलं तेव्हा ती रडतरडत म्हणाली, “मी आन धाकट्या म्याडमनं काढली. दारातून आबा निघंनात.”

मी आत जाऊन पाहिलं. दार, लगेच आडभिंत, मग वळण. उभा माणूस सहज वळतो, आडवा माणूस वळत नाही. नकाशावर मी दिवसरात्र घालवली. दारातून कपाट नेऊन पाहिलं, कणगी नेऊन पाहिली, गरोदर बाई जाते का ते पाहिलं. मेलेलं माणूस नेऊन पाहिलं नाही. आणि घर कुणासाठी करत होते? युद्धातून उरलेल्या लोकांसाठी.

ऐश्वर्या हे लिहिणार. तिनं लिहायलाच पाहिजे. मी तिच्या जागी असते तर मीही लिहिलं असतं, आणि टेप लावून लिहिलं असतं.

संध्याकाळी भिंत पुन्हा बसवलेली होती. मी जोड तपासला, घट्ट होता. कुणी बसवली ते विचारलं नाही. येताना गाडीत ऐश्वर्या मागं बसली होती. सेनगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

९ ऑगस्ट, शनिवार

तिसऱ्या दिवसाला आम्ही तिघं गेलो.

भेटायला आलेली माणसं माझ्या घरात मावली नसती, आणि तसं कुणी मावून बघितलंही नाही. सगळी वैजनाथच्या ओसरीत बसली होती. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. आबांच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भाकरी-पिठलं घराघरांतून येत होतं, तेही ओसरीतच वाढत होते. नवं माणूस आलं की बायांचा आवाज उठायचा, मग शांत व्हायचा.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते. भिवाजीबा आले. बौद्धवाड्यातले आबांच्याच वयाचे गृहस्थ. दोघांनी कितीतरी वर्षं एकाच तिफणीवर पेरणी केलेली. ओसरीपाशी येऊन ते थांबले आणि पायाशी बघत राहिले. काय शोधतायत, हे आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. पायरी शोधत होते. आबांच्या जुन्या घरी ते पायरीखाली बसत. इथं पायरीच नव्हती, त्यामुळं खालची जागाही नव्हती.

“या भिवाजीबा,” वैजनाथ म्हणाला. “किसनराव, सरका जरा.”

किसनराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. ते क्षणभर तसेच राहिले. मग सरकले. भिवाजीबा त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि तोंडावर उपरणं घेऊन रडले.

माझे आजोबा औंढ्याच्या बाजूला एका घरी असेच पायरीखाली बसायचे. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसलेली आहे. हे मी कधी ऐश्वर्याला सांगितलेलं नाही. म्हणजे पायरीचं तिला दुसरीकडून माहीत आहे. आमच्या समाजातल्या कुणालाही माहीत असतं. मला पण होतं. मग नकाशा काढताना मी वाऱ्याचा, धुळीचा, वजनाचा विचार केला आणि पायरीचा तिनं कसा केला?

वाईट वाटण्याच्या जागी बसून मी हा विचार करत होते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

अहवाल पाठवला.

त्यात प्रश्न होता : ‘कुटुंबानं घराच्या प्रत्येक भागाचा वापर कसा केला?’ मी लिहिलं : ‘ओसरीचा वापर कुटुंबानं मुख्यतः खताची पोती आणि फवारणीचा पंप ठेवण्यासाठी केला. पायरी नसल्यानं पावसाचं पाणी आत येतं. मोजमापं आणि फोटो सोबत जोडले आहेत.’

प्रत्येक शब्द खरा आहे. पोती होती, पंप होता, पाणी आलं. आबांच्या वेळी बसलेली माणसं त्या कुटुंबातली नव्हती, आणि प्रश्न कुटुंबाबद्दल आहे. मी प्रश्न पुन्हा वाचला. बराबर आहे. पुन्हा एकदा वाचला.

तिनं माझ्या दाराबद्दल काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. तिनंही खरंच लिहिलं असणार. दोघींनी खरं लिहिलं, मग हिशेब पुरा झाला.

आज भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई म्हणाल्या, “काहून वं, जीव कुठंय तुझा?”

६ सप्टेंबर, शनिवार

एकमेकींचे अहवाल वाचायला मिळाले. दहा तारखेपर्यंत पुरवणी जोडता येते, मग बंद.

ऐश्वर्यानं माझ्या घराबद्दल लिहिलंय ते उतरवून ठेवते :

‘या घरातले आजोबा ७ ऑगस्टला वारले. दाराच्या वळणातून त्यांना उभं केल्याशिवाय बाहेर काढता येत नव्हतं. आजी म्हणाल्या, “उभं करून न्यायचं न्हाई. आडवा माणूस आडवाच जाईन.” मग त्यांनी स्वतःच भिंतीकडे बोट दाखवलं. सुनेनं पाचरी उलट्या ठोकल्या. एक बाजू तिनं धरली, दुसरी मी. भिंत बाजूला झाली आणि आजोबा झोपले होते तसेच, पूर्वेकडून, उजेडात बाहेर आले. संध्याकाळी आजींनी आपल्या हातानं पाचर ठोकून भिंत परत लावली. म्हणाल्या, “आता बंद झालं.” दाराचं वळण बदलावं लागेल. पण ज्या घराची भिंत घरातल्या बायका गरज पडेल तेव्हा उघडू आणि मिटू शकतात, असं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.’

आणि खाली एक ओळ :

‘त्यानंतर लोक कुठं बसले ते मी इथं लिहीत नाही, कारण ते माझ्या घराबद्दल होईल. ते निर्मलाताईंच्या अहवालात असेलच.’

असेलच.

तिनंही आज माझा अहवाल वाचला असणार. जेवताना तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली, नेहमीसारखी. हसली मात्र नाही.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून मी बाजू मांडत बसले आहे.

पुरवणी न लिहिण्याची बाजू : माझा अहवाल खोटा नाही. प्रश्न त्यांनी असा विचारला, दोष त्यांचा. पुरवणी लिहिली तर आधी का लिहिलं नाही असं विचारतील. आणि पुरवणी गेली की तिचं घर जाईल, माझं इथं राहील. यात शंका नाही.

लिहिण्याची बाजू : ओसरीत काय झालं हे लिहिणाऱ्यांपैकी फक्त आम्ही दोघींनी पाहिलं. तिला लिहिता येत नाही. मी लिहिलं नाही तर ते झालंच नाही असं होईल. भिवाजीबा पायरी शोधत उभे होते हे झालंच नाही.

मग असंही वाटलं की, मी खरं आहे म्हणून लिहिणार, की तिनं ती ओळ लिहून मला पकडलं म्हणून? हे मला ठरवता आलेलं नाही. ठरेपर्यंत थांबले तर मुदत जाईल.

दुपारी लिहायला बसले. कोण आलं, कुठं बसलं, भाकरी कुठून आली, वैजनाथ काय म्हणाला, किसनराव किती वेळानं सरकले. भिवाजीबांबद्दल लिहिलं. माझ्या आजोबांबद्दलही एक वाक्य लिहिलं, नाहीतर पायरीचं त्या बाईंना कळलं नसतं. शेवटी लिहिलं : ‘मार्चमध्ये आपण म्हणाला होता, आमच्याकडे अजून कुणी कुणासाठी बसलेलं नाही. मी तेव्हा बाकाबद्दल उत्तर दिलं. ते उत्तर मागे घेते. आपल्याला ओसरी लागेल. पायरी नसलेलीच घ्या. पाणी पुसता येतं.’

शेवटचं वाक्य तिचं आहे, असं कंसात लिहिलं.

पाठवलं. पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. हलकं वाटलं नाही. हातचं काहीतरी देऊन टाकल्यासारखं वाटलं, आणि अजून वाटतंय.

८ सप्टेंबर, सोमवार

ऐश्वर्या वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलापाशी आली. पुरवणी वाचून आली होती.

“ताई, हे तुमी आठवडाभर उशिरा पाठवलं.”

“व्हय.”

“काहून?”

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात तीच म्हणाली, “राहू द्या. मी शनिवारी तुमचा अहवाल वाचून बाथरूममध्ये जाऊन लई शिव्या दिल्या तुमाला. फिट्टंफाट.”

“कसल्या?”

“नाही सांगत. तुमी लिहून ठेवाल.”

१० ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल आला.

ओसरीचं घर घेतलं आहे. बदल एकच सुचवलाय : ओसरीकडची भिंत दुसऱ्या नमुन्यासारखी पाचरीची असावी, घरातल्या बायकांना काढता-घालता येईल अशी. बाईंनी स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत. पहिल्या घरांच्या रांगेसमोर गाव आधी आपल्या गेलेल्या माणसांसाठी बसणार आहे, मग राहायला जाणार आहे.

नकाशावर दोघींची नावं असतील. तिचं आधी.

“वर्णानुक्रमानं आहे, ताई,” ऐश्वर्या म्हणाली. “ऐ आधी, न नंतर.” बराबर आहे. तरी मी संस्थेच्या आधीच्या नकाशांवरची नावं काढून पाहिली. सगळी वर्णानुक्रमानंच आहेत.

सासूबाईंनी पुन्हा पेढे आणले. या वेळी मी दोन खाल्ले.

१२ ऑक्टोबर, रविवार

दोन्ही घरं त्याच कुटुंबांकडे राहणार. नर्मदाबाईंनी निरोप धाडला होता की, त्यांच्या घराची भिंत वैजनाथच्या ओसरीकडून काढता येईल अशी करून द्या. “दारातून येढा मारून जावं लागतं. आता एकलीला येढा कशाला?”

ऐश्वर्या आणि मी दोघीच गेलो. पश्चिमेचा तुकडा काढून तिथं रुंद उघडणारा तुकडा बसवायचा होता. नर्मदाबाई ओसरीत बसून बघत होत्या.

“जावा-जावा एका भिंतीला हात लावून राहिल्या,” त्या कोमलला म्हणाल्या. “बघून घे. परत दिसायचं न्हाई.”

मी एका टोकाला, ऐश्वर्या दुसऱ्या. मी मोजलं, एक, दोन, हां. ती ‘दोन’लाच उचलते. भिंत तिच्या बाजूनं आधी उठली, माझी बाजू खाचेत अडकली आणि माझा अंगठा चेमटला. नर्मदाबाई हसल्या, मग पदरानं तोंड झाकलं. त्यांच्या घरी अजून हसायचं नसतं.

घर जोडायच्या सूचनापत्रात मी लिहिलंय की दोघींनी एकदम उचलायचं. मोजायचं कुणी, हे लिहायचं राहिलंय.

दुसऱ्या वेळी मी तिला म्हणाले, “तू मोज.”

तिनं मोजलं. भिंत सरळ उठली.

तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, तेही कारण असेल.